ऑफिसच्या पार्ट्या, वर्गण्या आणि आहेर: २५ हजारांच्या पगारात वर्षाचं गणित

हातात २५,००० रुपये येतात. पुण्यात खोलीचं भाडं, मेस, गावी पाठवायचे पैसे आणि जाण्यायेण्याचा खर्च वजा झाला की महिन्याकाठी चार-पाच हजार उरतात. त्याच उरलेल्या पैशांतून कोणाच्या वाढदिवसाचा केक, कोणाचा सेंड-ऑफ, तिमाहीचं टीम लंच आणि सहकाऱ्याच्या बहिणीच्या लग्नाचं पाकीट निघतं. एकेक रक्कम शे-दोनशेची असल्यामुळे हा खर्च कुठे लिहिला जात नाही, आणि महिनाअखेरीला पैसे नेमके कुठे गेले ते कळत नाही.

मग माणूस दोनांपैकी एक टोक गाठतो. एक तर सगळीकडे हो म्हणतो आणि वीस तारखेनंतर उसने मागतो, नाहीतर सगळीकडून अंग काढून घेतो. दुसरं टोक जास्त महागात पडतं. कामाच्या बऱ्याच गोष्टी जेवणाच्या टेबलावर कळतात, आणि अडचणीच्या वेळी धावून येणारी माणसंही तिथेच जोडली जातात. पैसे कमी आहेत एवढ्या कारणाने कोणी त्यातून बाजूला पडू नये. त्यासाठी वर्षाचा आकडा आधी ठरवायचा आणि प्रत्येक आमंत्रणाला त्या आकड्यात राहून उत्तर द्यायचं.

आधी मागचं वर्ष उकरा

हे काम एका रविवारी तासाभरात होतं. यूपीआय अ‍ॅपमधला व्यवहारांचा इतिहास उघडा आणि ऑफिसमध्ये वर्गणी गोळा करणाऱ्या दोन-तीन जणांची नावं एकेक करून शोधा. त्यांना गेलेले बहुतेक पैसे याच खर्चाचे असतात. मग बँकेचं स्टेटमेंट घेऊन शुक्रवार-शनिवारी रात्रीची हॉटेलची बिलं आणि कॅबचं भाडं वेगळं काढा. पाकिटात घातलेली रोख रक्कम कुठेच दिसत नाही, ती आठवून लिहावी लागते. लग्नपत्रिकांचे फोटो फोनमध्ये असतात, त्यावरून आठवण लागते.

१४ जणांच्या टीममधल्या एखाद्याचा हिशोब साधारण असा निघतो:

इतर १३ जणांचे वाढदिवस, प्रत्येकी १०० प्रमाणे १,३००
चार सेंड-ऑफ, प्रत्येकी २०० प्रमाणे ८००
चार टीम लंच, प्रत्येकी ६०० प्रमाणे २,४००
तीन लग्नं, प्रत्येकी ५०१ प्रमाणे १,५०३
रात्री उशिरा सहा वेळा परतण्याचं भाडं, २५० प्रमाणे १,५००
ट्रॅडिशनल डे आणि नवरात्रीचे कपडे १,२००
सिक्रेट सँटाची भेट ५००
एक आउटिंग २,५००
स्वतःच्या वाढदिवसाची ट्रीट १,०००

बेरीज होते १२,७०३, म्हणजे महिन्याला जवळपास १,०६०. आता हीच यादी पुन्हा लिहायची, पण उलट्या बाजूने: आपल्याला किती झेपतं ते आधी ठरवायचं आणि मग ती रक्कम वाटायची. २५ हजारांच्या पगारात महिन्याला ६०० रुपये, म्हणजे वर्षाला ७,२००, हा झेपणारा आकडा आहे. घरावर कर्ज असेल तर ४०० धरा. आकडा कितीही ठरवा, पण तो आमंत्रण यायच्या आधी ठरलेला हवा.

पगार जमा झाला त्याच दिवशी हे ६०० वेगळ्या खात्यात टाका. दुसऱ्या बँकेतलं एखादं जुनं बचत खातं चालेल, फक्त किमान शिल्लक नसल्याचा दंड त्यावर लागत नाही ना ते बघून घ्या. रोख रकमेचं पाकीट मात्र टिकत नाही, त्यातून दूधवाल्याला पैसे जातात.

एक अडचण हमखास येते. खर्च बारा महिन्यांत सारखा विभागलेला नसतो. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते ती मे-जूनपर्यंत चालते. बऱ्याच ऑफिसांत एप्रिलमध्ये पगारवाढीची पत्रं मिळाली की राजीनामे पडतात आणि नोटीस पिरियड संपेल तसे जून-जुलैत सेंड-ऑफ रांगेने येतात. डिसेंबरात आउटिंग आणि सिक्रेट सँटा. त्यामुळे नोव्हेंबरात शून्यातून सुरुवात केली तर खातं पहिल्याच महिन्यात कोरडं पडतं आणि माणूस हा नाद सोडून देतो. आषाढात सुरुवात करा. चातुर्मासात लग्नं जवळपास नसतात, गणपती-दसऱ्याचा खर्च धरूनही तेव्हा दीड-दोन हजार साठतात.

कुठे जायचं, कुठे नाही

सगळ्या आमंत्रणांचं वजन सारखं नसतं. ज्याच्या हाताखाली किंवा ज्याच्या शेजारी बसून काम शिकलो त्याचा सेंड-ऑफ चुकवू नये. दुपारचं टीम लंच, खंडेनवमीची पूजा, गणपतीची आरती यांनाही जावं. ते ऑफिसच्या वेळेत होतात, परतीचं भाडं लागत नाही आणि सगळे हजर असतात. शुक्रवारी रात्री अचानक ठरलेलं ‘चला बसूया’ हे वर्षातून दोनदा पुरे. दुसऱ्या डिपार्टमेंटमधल्या, नुसत्या तोंडओळखीच्या माणसाच्या पार्टीला शुभेच्छांच्या मेसेजवर भागतं.

रात्रीच्या कार्यक्रमाला जायचं असेल तर पहिला तास-दीड तास थांबा. भाषणं, फोटो, केक आणि गप्पा सगळं त्यातच होऊन जातं. नंतरचा वेळ मुख्यतः पिण्याचा असतो आणि बिलही त्याच वेळात फुगतं.

निघणार असल्याचं मात्र आधी सांगून ठेवायचं. आमंत्रण येतं तेव्हा सांगितलेलं सहज खपतं, तेच बिल आल्यावर सांगितलं तर टेबलावर सगळे अवघडतात. वाक्यं साधी असू द्या:

‘मी येतोय, पण साडेआठला निघेन. माझं टीटीएमएम (तुझं तू, माझं मी) धरा.’

‘सर, केक कापेपर्यंत नक्की थांबतो. जेवायला या वेळी जमणार नाही.’

‘ताई, या महिन्यात माझं बजेट संपलंय. पुढच्या वेळी नक्की.’

खोटं कारण देऊ नका. तब्येत बरी नाही म्हटलं की सोमवारी चार जण आपुलकीने चौकशी करतात आणि एका थापेसाठी आणखी थापा लक्षात ठेवाव्या लागतात. ‘बजेट नाही’ हे वाक्य पहिल्यांदा म्हणताना जीभ अडखळते. पण ते उच्चारलं की टेबलावरचं दुसरं कोणीतरी हळूच ‘माझंपण तेच आहे’ म्हणतं, कारण अशा टीममध्ये ओढाताण एकट्याची सहसा नसते.

बिल: खरी गळती इथे आहे

दहा जण जेवायला गेले. त्यातले चौघे पिणारे. जेवण ६,००० रुपयांचं झालं आणि दारू ५,००० ची. जेवणावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे ३००. दारू जीएसटीत येत नाही, तिच्यावर राज्याचा व्हॅट लागतो. महाराष्ट्रात परमिट रूममध्ये तो नोव्हेंबर २०२३ पासून १० टक्के आहे, म्हणजे ५००. एकूण बिल ११,८००.

कोणीतरी फोनवर भागाकार करतं आणि म्हणतं, ‘प्रत्येकी ११८० काढा.’

आता नीट मांडून बघा. जेवणाचे ६,३०० दहा जणांत म्हणजे ६३० रुपये. दारूचे ५,५०० चौघांत म्हणजे १,३७५ रुपये. न पिणाऱ्याचा वाटा ६३०, पिणाऱ्याचा २,००५. सरसकट कॉन्ट्री (सगळ्यांची सारखी वर्गणी) काढली की न पिणारा प्रत्येक जण ५५० रुपये जास्त देतो आणि पिणाऱ्या प्रत्येकाचे ८२५ वाचतात. यात सहसा कोणाचा वाईट हेतू नसतो. रात्री साडेअकराला भागाकार सोपा पडतो, एवढंच. पण ५५० रुपये म्हणजे आपल्या जवळजवळ महिन्याभराच्या बजेटवर पाणी.

उपाय ऑर्डर देतानाच करायचा. वेटरला सुरुवातीलाच सांगा, ‘दादा, जेवणाचं आणि ड्रिंक्सचं बिल वेगळं काढा.’ अनेक परमिट रूममध्ये तशीही दोन बिलं छापली जातात, कारण दोन्हींवरचा कर वेगळा आहे. दोन कागद टेबलावर आले की वाद घालावाच लागत नाही. ही सूचना पिणाऱ्या चौघांपैकी एकाकडून आली तर आणखी चांगलं. टीममध्ये एखादा तरी समंजस असतो, त्याच्याशी आधी बोलून ठेवा.

दुसरी गळती स्टार्टरची. मेन्यू एक-दोन जणांच्या हातात असतो, ते ‘हे पण सांग, ते पण सांग’ करत सहा प्लेट मागवतात. साडेतीनशेची एक धरली तर २,१०० झाले, आणि भाकरी-भाजी यायच्या आधीच सगळ्यांची पोटं निम्मी भरलेली. घरून निघताना दोन पोळ्या खाऊन निघा. मेन्यू हातात आला की आपली एक डिश लगेच सांगून टाका. ‘माझ्यासाठी डाळ खिचडी’ असं स्पष्ट सांगितलेला माणूस आपलं बिल आपण देऊ शकतो, पण ‘काहीही चालेल’ म्हणणारा सगळ्यांच्या बिलात ओढला जातो. पाण्याच्या बाटल्या आपोआप उघडल्या जातात, तेव्हा साधं पाणी मागा. दहा जणांच्या टेबलावर त्यात दोन-तीनशे सहज वाचतात.

बिलात खाली सर्व्हिस चार्ज लावलाय का बघा. वरच्या उदाहरणात १० टक्के लावला तर १,१०० रुपये वाढतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे हॉटेलला तो बिलात परस्पर जोडता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या सूचना उचलून धरल्या. म्हणून पैसे द्यायच्या आधी शांतपणे सांगायचं, ‘सर्व्हिस चार्ज काढून नवीन बिल द्या.’ नाहीच ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. सर्व्हिस चार्जचे वाचलेले थोडे पैसे वेटरच्या हातात रोख ठेवावेत, दिवसभर उभं राहून तोच राबलेला असतो.

आणखी एक बारकावा. कोणी खाण्याच्या अ‍ॅपवरून बिल भरतं तेव्हा त्याला सूट मिळते. ११,८०० चं बिल १०,००० ला सुटलं असेल तर वाटणी १०,००० ची व्हायला हवी. बऱ्याचदा भरणाऱ्याच्या ते ध्यानातच येत नाही. ‘अ‍ॅपवर किती कटले?’ एवढं विचारलं तरी पुरतं.

आणि ज्याचा खिसा तंग आहे त्याने सगळ्यांचं बिल स्वतःच्या कार्डावर कधीही भरू नये. दहापैकी सात जण त्याच रात्री पैसे पाठवतात, दोघे आठवड्याने, आणि एकाला आठवण करून देणं आपल्यालाच जड जातं. पूर्वी यूपीआयवरून दुसऱ्याला पैशांची रिक्वेस्ट पाठवता यायची, पण व्यक्ती-व्यक्तीमधली ही सोय ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे. आता क्यूआर ग्रुपवर टाकून वाट बघत बसावं लागतं. तोवर कार्डाचं बिल आपल्या नावावर चढलेलं असतं.

केकची आणि सेंड-ऑफची वर्गणी

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज पडतो: ‘प्रत्येकी २००.’ खाली नावांची यादी सुरू होते, प्रत्येक नावापुढे आकडा. पहिल्या माणसाने ५०० लिहिले की पुढच्या सगळ्यांचे हात थबकतात.

ग्रुपवर काही लिहू नका. गोळा करणाऱ्याला त्याच दिवशी थेट पैसे पाठवा आणि सोबत एक ओळ: ‘दादा, माझ्याकडून ५० पाठवलेत. कार्डवर नाव सगळ्यांबरोबर असू दे.’ पहिल्या दिवशी आलेले पन्नास कोणी मोजत बसत नाही, पण चार आठवणींनंतर आलेले दोनशेही लक्षात राहतात. वाढदिवसाला ५० आणि सेंड-ऑफला १५० असा आपला दर एकदा ठरवला की तो सगळ्यांना सारखाच लावा. साहेबांना ३०० आणि शिपायाला २० असं करू नका. पैसे वाचतही नाहीत आणि दिसायला वाईट दिसतं.

स्वतःच्या वाढदिवसाला हॉटेलात ट्रीट मागितली जाते. त्याऐवजी सकाळी अकराला, चहाच्या वेळी, १४ जणांना पुरतील एवढे समोसे आणि पाऊण किलो जिलेबी आणा. ६०० रुपयांत होतं. सगळ्यांना गरम मिळतं आणि संध्याकाळचा विषयच निघत नाही.

लग्नाचा आहेर

आहेरापेक्षा प्रवास महाग असतो. पुण्याहून कोल्हापूरला लग्नाला जायचं तर जाऊन-येऊन सुमारे ४६० किलोमीटर. गाडी लिटरला १५ देत असेल तर साधारण ३१ लिटर पेट्रोल, लिटरला १०५ धरले तरी ३,२०० च्या वर, शिवाय टोल. चौघांत वाटलं तरी माणशी हजाराच्या घरात. बायकांना एसटीत मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे, त्यामुळे टीममधल्या मुली एसटीने आणि मुलगे गाडीने असं ठरवलं तर सगळ्यांनाच स्वस्त पडतं का, हे निघायच्या आधी मोजून बघा.

वर्षात एकाच बाहेरगावच्या लग्नाला जायचं, तेही जवळच्या माणसाच्या. बाकीच्यांसाठी टीमचं एकत्र पाकीट करावं. माणशी २०० प्रमाणे १४ जणांचे २,८०० होतात, त्यात एखादी उपयोगाची वस्तू येते. पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ छापलेलं असेल तर तो शब्द पाळावा. लग्नानंतर कामावर परतलेल्या सहकाऱ्याला डब्यातून घरचा एखादा गोड पदार्थ द्यावा, तो जास्त लक्षात राहतो.

रात्रीचं परतणं, कपडे, आउटिंग

कार्यक्रमाची जागा ठरते तेव्हाच बोला. स्टेशनजवळचं किंवा मेट्रोजवळचं हॉटेल सुचवलं तर सगळ्यांचे पैसे वाचतात. शेवटच्या गाडीची वेळ आधी बघून ठेवा आणि तीच आपली निघायची वेळ समजा. २५० ची कॅब टाळून मेट्रो आणि शेअर रिक्षाने ८० त घर गाठता येतं. पण उशीर झालाच, रस्ता सुनसान असेल, तर तिथे पैसे वाचवू नका, कॅब करा. कार्यक्रम कंपनीने ठेवलेला असेल तर एचआरकडे ड्रॉपची मागणी आधीच करावी. ती रास्त आहे.

नवरात्रीच्या नऊ रंगांसाठी नऊ कपडे लागत नाहीत. तीन-चार रंगांच्या ओढण्या मैत्रिणींत फिरवल्या की भागतं, मुलांना रंगीत रुमालही चालतो.

आउटिंगचं मात्र खोदून विचारायचं: बस कोण देणार, रिसॉर्टच्या दरात काय काय येतं, कंपनी माणशी किती देते आणि नाव दिल्यावर रद्द केलं तर पैसे परत मिळतात का. नाव देताना ‘बघू’ म्हणालात आणि आगाऊ रक्कम भरली गेली की ती सहसा परत येत नाही. मुक्काम टाळून एका दिवसाचं पॅकेज घेतलं तर २,५०० चं १,६०० वर येतं. कंत्राटी पेरोलवरच्या मुलांना अनेकदा कंपनीच्या बजेटमध्ये धरलं जात नाही आणि वर्गणी मात्र सगळ्यांएवढीच मागितली जाते. आधीच कमी पगार असलेल्यांवर हा सरळ अन्याय आहे. परमनंट असलेल्यांनी तो साहेबांपर्यंत न्यायला हवा, कारण कंत्राटी मुलगा नोकरीच्या भीतीने बोलणार नाही.

वर्गणी तुम्हीच गोळा करत असाल तर

सगळ्यात जास्त फरक तुम्ही पाडू शकता. दर वाढदिवसाला वेगळी वर्गणी बंद करा आणि महिन्याला माणशी ५० रुपयांचा फंड सुरू करा. १४ जणांचे वर्षाला ८,४०० होतात. महिन्यातले सगळे वाढदिवस एकाच दिवशी करा, अर्धा किलो केक आणि वेफर्सला ५०० धरले तर बारा महिन्यांचे ६,०००. उरलेल्या २,४०० त चार सेंड-ऑफ, प्रत्येकी ६०० चे. सफाई करणाऱ्या मावशी, सिक्युरिटीचे काका यांच्याकडून वर्गणी घेऊ नका, पण केकचा तुकडा त्यांच्या हातात पहिला जाऊ द्या. कोणी किती दिले याची यादी ग्रुपवर टाकू नका, फक्त एकूण जमा आणि खर्च लिहा, बिलाच्या फोटोसकट.

वर्षाअखेरीला

ऑफिसमध्ये असा फंड नसेल तरी वरचे बदल केल्यावर तीच यादी अशी दिसते: वाढदिवस ६५०, सेंड-ऑफ ६००, चारपैकी दोन लंच पूर्ण आणि दोनदा फक्त कॉफी मिळून १,५००, एक आहेर ५०१ आणि दोन एकत्र पाकिटं ४०० असे ९०१, परतीचं भाडं ४८०, कपडे ३००, सिक्रेट सँटा ३००, आउटिंग १,६००, स्वतःचा वाढदिवस ६००. बेरीज ६,९३१. बाहेरगावच्या लग्नाला जायचं असेल त्या वर्षी आउटिंगला नाही म्हणायचं, प्रवासाचे पैसे तिथून निघतात.

एखाद्या महिन्यात खातं रिकामं झालं तर क्रेडिट कार्ड किंवा ‘आत्ता घ्या, नंतर भरा’ वाल्या अ‍ॅपकडे वळू नका. तो महिना कार्यक्रमांना ‘पुढच्या वेळी’ म्हणा आणि वाढदिवसाच्या माणसाला त्याच्या टेबलाशी जाऊन हात मिळवून शुभेच्छा द्या. वर्ष संपताना ७,२०० मधले २६९ रुपये शिल्लक असतील. ते काढू नका, जूनमधल्या पहिल्या सेंड-ऑफचे दीडशे त्यातूनच जातील.